ट्रॅक्टर आणि सुटा माल, दोन्हींसाठी एकच ट्रेलर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लहान ट्रॅक्टर एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचा आणि उरलेल्या दिवसांत त्याच ट्रेलरमधून वाळू, खडी, माती, खत किंवा लाकडाचा भुसा आणायचा, अशी माझी गरज होती. ही दोन कामे वरवर सारखी वाटली, तरी ट्रेलरकडून त्यांच्या अपेक्षा बऱ्याच ठिकाणी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ट्रॅक्टरला खालचा, मोकळा, बाजूंना अडथळा नसलेला तळ लागतो. सुट्या मालाला चारी बाजूंनी बंद आणि फटी नसलेला हौदा लागतो. ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर चढतो आणि उतरतो, तर सुटा माल चढवणे सोपे आणि उतरवणे जिकिरीचे असते. पिकअपमागे ओढायचा ट्रेलर निवडताना आणि नंतर अनेक महिने वापरताना जे दिसले, ते येथे लिहीत आहे.

मी घेतलेला ट्रेलर दोन अ‍ॅक्सलचा (म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांचा), सपाट लाकडी तळाचा, काढता-घालता येणाऱ्या ६० सेंटीमीटर उंचीच्या बाजूंचा आणि मागे दोन सुट्या रॅम्पचा आहे. तळ ४.९ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. भरलेल्या ट्रेलरचे एकूण अनुमत वजन ३,५०० किलो आणि रिकाम्या ट्रेलरचे वजन ९०० किलो असल्यामुळे मालासाठी २,६०० किलो उरतात. दोन्ही अ‍ॅक्सलना विद्युत ब्रेक आहेत. खरेदीच्या वेळी बहुतेक जण लांबी-रुंदी आधी विचारतात; माझ्या मते पहिला प्रश्न या २,६०० किलोंचा असायला हवा, कारण जागा पुरली म्हणजे भार पेलला जाईल असे अजिबात नाही.

ट्रॅक्टरचे वजन माहितीपत्रकात पाहून हिशेब करणे पुरेसे नसते. पत्रकातले वजन बहुधा नुसत्या ट्रॅक्टरचे असते. त्यात पुढचा लोडर (माल उचलणारे हात) आणि बकेट, मागे जोडलेला रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे अवजार), मागच्या टायरमध्ये पकड वाढवण्यासाठी भरलेले पाणी आणि टाकीतले डिझेल धरलेले नसते. माझा पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर नुसता ९०० किलोंच्या घरातला आहे, पण वरच्या सगळ्या गोष्टींसह वजनकाट्यावर तो १,६०० किलो भरला. एका अ‍ॅक्सलचा, ब्रेक नसलेला हलका ट्रेलर नुसत्या ट्रॅक्टरला पुरेल असे कागदावर दिसते; लोडर आणि अवजारासह तोच ट्रेलर मर्यादेबाहेर जातो. म्हणून ट्रेलर पाहायला जाण्याआधी ट्रॅक्टर सर्व जोडणीसह काट्यावर नेऊन आणावा. त्या एका फेरीने निम्मे पर्याय आपोआप गळतात.

खरा धक्का मात्र ट्रॅक्टर देत नाही, वाळू देते. ६० सेंटीमीटर उंचीच्या बाजू लावल्यावर या ट्रेलरमध्ये जवळजवळ ५.९ घनमीटर जागा होते. कोरड्या वाळूचे वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो असते, म्हणजे हौदा काठोकाठ भरला तर नऊ टनांहून जास्त माल होईल. २,६०० किलोंच्या मर्यादेत संपूर्ण तळावर वाळूचा थर फक्त १६ सेंटीमीटर बसतो. वाळू भिजलेली असेल आणि तिचे वजन घनमीटरला २,००० किलोंकडे गेले असेल, तर तोच थर १३ सेंटीमीटरवर थांबवावा लागतो. भरलेला ट्रेलर पाहणाऱ्याला तो जवळजवळ रिकामा वाटतो, आणि वाळू भरून देणाऱ्याला तर हमखास वाटतो. खडीचे गणित कोरड्या वाळूसारखेच आहे. सुटी माती त्याहून हलकी, पण ओली झाली की फरक फारसा राहत नाही. लाकडाचा भुसा, बारीक फांद्यांचे तुकडे आणि वाळका पालापाचोळा यांच्यासाठीच ६० सेंटीमीटरच्या बाजूंचा पूर्ण उपयोग होतो. असा माल घनमीटरला ३००–४०० किलो धरला तर हौदा काठापर्यंत भरूनही वजन मर्यादेत राहते. कुजलेले खत या दोहोंच्या मधले आहे, आणि त्याच्या ओलाव्यावर सगळे अवलंबून असते.

यासाठी मी थर मोजत बसत नाही, बकेटी मोजतो. माझ्या ट्रॅक्टरची बकेट सुमारे ०.२ घनमीटरची आहे, म्हणजे कोरड्या वाळूची एक बकेट ३२० किलोंच्या आसपास आणि आठ बकेटींत ट्रेलर भरला. जिथे मोठ्या लोडरने माल भरून मिळतो तिथे त्याच्या बकेटीचे माप आधी विचारणे आवश्यक आहे, कारण दीड घनमीटरची एकच बकेट २,४०० किलो वाळू टाकून मोकळी होते आणि दुसरी अर्धी टाकू का, असा प्रश्न लगेच येतो. उत्तर ठाम नकाराचे असावे.

वजन किती याइतकेच ते कुठे आहे हे महत्त्वाचे आहे. ओढणाऱ्या वाहनाच्या हुकावर एकूण भाराच्या साधारण १० टक्के वजन पडावे, असा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा हिशेब आहे. मात्र ते हुकाच्या आणि वाहनाच्या स्वतःच्या मर्यादेत बसले पाहिजे, आणि ही मर्यादा वाहनागणिक खूप वेगळी असते. माझ्या पिकअपच्या हुकाची मर्यादा ३५० किलो आहे. हुकावरचा भार फार कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट मारू लागतो. फार जास्त पडला तर पिकअपची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू सैल लागते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत हा हिशेब फार नाजूक आहे. माझ्या ट्रेलरच्या हुकापासून दोन अ‍ॅक्सलच्या मधल्या बिंदूपर्यंतचे अंतर ४ मीटर आहे, त्यामुळे १,६०० किलोंचा ट्रॅक्टर फक्त १० सेंटीमीटर पुढे सरकवला की हुकावरचा भार ४० किलोंनी वाढतो. ट्रेलरसह एकूण २,५०० किलो होतात, म्हणजे हुकावर २५० किलो हवेत. त्यातले १०० किलो रिकाम्या ट्रेलरचेच असतात, उरलेले १५० ट्रॅक्टरकडून यायचे, आणि त्यासाठी ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या मध्याच्या ३७–३८ सेंटीमीटर पुढे यावा लागतो. एकदा वजन करून योग्य जागा सापडली की तळाच्या फळीवर रंगाची आडवी रेघ मारून ठेवावी आणि ट्रॅक्टरचे पुढचे चाक दर वेळी त्या रेघेवर आणून थांबवावे. मागचे अवजार बदलले की गुरुत्वमध्य हलतो, म्हणून माझ्या तळावर दोन रंगांच्या दोन रेघा आहेत: रोटाव्हेटरसाठी लाल आणि अवजाराशिवाय पांढरी.

वाळूच्या बाबतीत मला अपेक्षा नव्हती ते येथे कळले. माल सपाट, सारखा पसरला म्हणजे भार नीट बसला, असे वाटते. पण या ट्रेलरच्या तळाचा मध्य अ‍ॅक्सलच्या मध्यापेक्षा फक्त २० सेंटीमीटर पुढे आहे, त्यामुळे सारखी पसरलेली अडीच टन वाळू हुकावर जेमतेम १२५ किलोंची भर घालते आणि एकूण भाराच्या ७ टक्क्यांच्याही खाली राहते. म्हणून वाळूचा ढीग तळाच्या मध्यापेक्षा वीतभर पुढे ठेवावा लागतो. तो मागे घसरू नये यासाठी मी मागच्या फाळक्यापासून दोन हातांवर एक आडवी फळी उभी करतो. ती लावणे-काढणे कंटाळवाणे आहे, पण मोठ्या रस्त्यावर ट्रेलर मागे सरळ चालतो हे पाहिल्यावर कंटाळा करवत नाही. ट्रेलर डोलू लागलाच, तर पाय हळूच अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि गाडीचे ब्रेक जोरात दाबू नयेत. विद्युत ब्रेकचा नियंत्रक असेल तर त्याच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावता येतात, आणि विद्युत ब्रेक निवडण्याचे हे एक मोठे कारण होते. हुकावर दाब आला की आपोआप लागणारे ब्रेकही चांगले काम करतात आणि गाडीत वेगळा नियंत्रक बसवावा लागत नाही, परंतु डोलणाऱ्या ट्रेलरला गाडीतून वेगळा आवर घालण्याची सोय त्यात नसते.

रॅम्पचा विचार फक्त लांबी-वजनापुरता करू नये. माझ्या ट्रेलरचा तळ जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंच आहे. दीड मीटरच्या रॅम्पने त्यावर चढायचे म्हटले तर चढ जवळजवळ २६ अंशांचा होतो, २.१ मीटरच्या रॅम्पने तोच १८ अंशांवर येतो. ट्रॅक्टरच्या पोटाखाली गवत कापणारे अवजार लावलेले असेल, तर चढ संपून तळ सुरू होतो त्या कोपऱ्यावर ते घासते, म्हणून लांब रॅम्पच घ्यावेत. पूर्ण रुंदीचा जाळीचा दरवाजा रॅम्पसारखा खाली पडणारा असतो, तो हाताळायला सोपा आणि लहान यंत्रांना छान. पण उभा ठेवला की वारा अडवतो, खडखडतो, आणि सुटा माल त्यातून गळतो. मी दोन सुटे रॅम्प घेतले याचे समाधान आहे, जरी ते चढवताना पाठीला जाणवतात.

ट्रॅक्टर रॅम्पवर चढत असताना काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मागची जड चाके रॅम्पच्या वरच्या टोकाशी येतात त्या क्षणी ट्रेलरची मागची कड खाली दबते, हुकाला जोडलेला पुढचा दांडा वर उठतो आणि तो पिकअपची मागची बाजू उचलू पाहतो. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असल्यामुळे, ती चाके हलकी झाली की गाडी उतारावर सरकू शकते. माझ्या ट्रेलरला मागच्या दोन कोपऱ्यांवर खाली टेकणारे पाय आहेत. ते जमिनीला लावल्याशिवाय मी रॅम्पही टाकत नाही. पाय नसतील तर तळाच्या मागच्या कडेखाली भक्कम लाकडी ठोकळे घालावेत, आणि पिकअपच्या चाकांना ठोकळे तर दोन्ही परिस्थितींत लावावेत. ट्रॅक्टरची जड बाजू नेहमी चढाच्या दिशेला असावी हा जुना नियम येथेही लागू होतो. मागे रोटाव्हेटर जोडलेला असेल तर मी ट्रॅक्टर उलटा चढवतो, बकेट जमिनीपासून जेमतेम वर ठेवतो आणि चढताना गिअर बदलत नाही. उतरताना चारही चाकांची जोडणी चालू ठेवतो, कारण अशा ट्रॅक्टरांचे ब्रेक सहसा मागच्या चाकांवरच असतात आणि चारही चाके जोडलेली असली की रोखण्याचे काम पुढच्या चाकांतही वाटले जाते.

बांधण्याविषयी थोडक्यात, पण ठामपणे. रॅचेटच्या (खटक्याने ताणायच्या) पट्ट्यावर दोन आकडे असतात: तुटण्याचा भार आणि सुरक्षित कार्यभार. दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि आपल्याला तोच धरायचा असतो. मी ट्रॅक्टरसाठी पट्टे न वापरता ८ मिलिमीटरच्या ग्रेड ७० (ही मजबुतीची प्रत) साखळ्या वापरतो, ज्यांचा सुरक्षित कार्यभार सुमारे २,१०० किलो असतो, आणि चार कोपऱ्यांना चार वेगळ्या साखळ्या लावतो, म्हणजे एक ढिली पडली तरी बाकीच्या धरून राहतात. पुढच्या साखळ्या पुढे ओढतात, मागच्या मागे. हायड्रॉलिकच्या नळ्या, सिलिंडर किंवा सुकाणूचे दांडे यांवरून साखळी कधीही नेऊ नये. बकेट आणि रोटाव्हेटर दोन्ही तळावर टेकवून त्यांनाही वेगळे बांधावे. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून साखळ्या पुन्हा ताणाव्या लागतात, कारण हादऱ्यांनी टायर थोडे बसतात आणि सुरुवातीचा ताण राहत नाही. ट्रेलर विकत घेताना तळावरच्या कड्या फक्त मोजू नका, त्या कशाला जोडल्या आहेत ते खाली वाकून पाहा. चौकटीच्या मुख्य लोखंडाला वेल्ड केलेली कडी आणि फळीला बोल्ट लावलेली कडी वरून सारखीच दिसतात.

लाकडी तळाबद्दल माझे मत वापरानंतरही चांगलेच आहे. लाकूड टायरला पकड देते, तापत नाही आणि एखादी फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. लोखंडी तळ धुवायला सोपा आणि फावड्याला गुळगुळीत, पण ओला झाला की ट्रॅक्टरचे चाक त्यावर सरकते आणि मोकळ्या ट्रेलरचा आवाज असह्य होतो. लाकडाची अडचण सुट्या मालात दिसते: फळ्यांमधल्या फटींतून कोरडी वाळू रस्ताभर झिरपत जाते. त्यावर १८ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या पाट्या टाकणे हा उपाय आहे, पण पूर्ण तळाच्या पाट्यांचे वजन ११५ किलोंच्या आसपास जाते आणि तेवढी वाळू कमी आणावी लागते. सध्या मी जाड ताडपत्री तळाशी अंथरून तिच्या कडा बाजूंवर चढवतो. वरून दुसरी ताडपत्री घालावीच लागते: एक तर माल उडतो, आणि दुसरे म्हणजे पावसाच्या सरीने वाळू जड होते, तेव्हा निघताना बसवलेले वजन पोहोचताना बसत नाही.

बाजूंच्या खाचा आणि कड्या हा या ट्रेलरचा सर्वांत त्रासदायक भाग निघाला. बारीक वाळू खुंट्यांच्या खाचांत जाऊन बसते, त्यावर गंज चढतो आणि बाजू काढताना हातोडा घ्यावा लागतो. माल टाकून झाल्यावर खाचा ब्रशने झाडणे आणि अधूनमधून पाण्याच्या दाबाने धुणे हा आता नेहमीचा क्रम आहे. तेल लावू नये, कारण तेलाला वाळू जास्तच चिकटते. कोरडे ग्राफाइट बरे. लांब बाजू मधोमध फुगू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना वरून जोडणारी साखळी मागून घेतली, आणि ती नसती तर ओल्या मातीने बाजू बाहेर आल्याच असत्या.

उतरवण्याबद्दल कोणी विचारले तर मी सरळ सांगतो की सपाट ट्रेलर या कामात मागे पडतो. अडीच टन वाळू फावड्याने काढणे दोघांना पुरेसे घाम आणणारे काम आहे. बाजू काढता येतात याचा फायदा असा की, ट्रॅक्टर ज्या ठिकाणी आहे तिथेच माल आणला असेल तर एका बाजूने बकेट लावून बराच माल ओढता येतो. तळाची ताडपत्री ट्रॅक्टरला साखळीने बांधून मागे ओढली तर भुसा आणि पाला एकदम खाली येतो, वाळूला मात्र ही युक्ती पुरत नाही आणि ताडपत्री फाटते. ट्रॅक्टर आणि वाळू एकाच फेरीत नेता येत नाहीत, त्यामुळे ज्यांना दूरच्या ठिकाणी माल टाकायचा आहे त्यांनी या सोयीवर भिस्त ठेवू नये.

ज्यांच्या कामात सुटा माल निम्म्याहून जास्त आहे, त्यांनी हायड्रॉलिकने उचलणाऱ्या हौद्याचा ट्रेलर पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो बटणावर रिकामा होतो, पण त्याचा पंप, सिलिंडर, बॅटरी आणि जाड पत्रा यांमुळे तो स्वतःच जड असतो, तेवढा माल कमी येतो, तळही उंच असतो आणि रॅम्पचा चढ वाढतो. त्याच्या बाजू बहुधा पक्क्या असल्यामुळे ट्रॅक्टरची रुंदी आधी नीट मोजावी. साखळ्या बांधायला आत वाकायला जागा राहते का, हेही पाहावे. संपूर्ण तळ मागे झुकणारा ट्रेलर मी ट्रॅक्टरसाठी उत्तम मानतो, कारण रॅम्प उचलावेच लागत नाहीत, परंतु झुकणाऱ्या आणि स्थिर भागाच्या मधल्या फटीत खडी अडकते, म्हणून सुट्या मालाला तो फारसा जुळत नाही.

दोन अ‍ॅक्सल घेतल्याचा लाभ खड्ड्यांवर दिसतो आणि तोटा वळणावर. अरुंद जागेत तीव्र वळण घेतले की चारही टायर आडवे घासतात, म्हणून पक्क्या जागेवर शक्य तितके रुंद वळण घ्यावे. टायरमध्ये हवा ट्रेलरच्या पाटीवर दिलेल्या दाबाइतकी, टायर थंड असताना भरावी. हवा कमी असलेला टायर भाराखाली तापून फाटतो. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहत असल्यामुळे टायरची झीज कमी पण म्हातारपण लवकर येते, म्हणून उन्हात उभा ठेवत असाल तर चाके झाकावीत आणि बाजूंवर बारीक भेगा दिसू लागल्या की नक्षी शाबूत असूनही टायर बदलावेत. नव्या ट्रेलरचे चाकाचे नट पहिल्या ८०–१०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळले पाहिजेत, आणि चाक काढून लावल्यावरही तसेच.

थांबलो की मी चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन उष्णता पाहतो. एकच जास्त गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकल्याची शक्यता असते, आणि भिजलेल्या रस्त्यांवर बराच प्रवास झाल्यावर बेअरिंगमधले ग्रीस बदलणे इष्ट. विद्युत ब्रेकच्या नियंत्रकाचा जोर भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरसाठी वेगवेगळा ठेवावा लागतो. भरलेल्या ट्रेलरसाठी बसवलेला जोर रिकाम्याची चाके जाम करून घसरवतो. ट्रेलर हुकापासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी लहान बॅटरी विसरली जाते. तिची पिन उपसून ब्रेक लागतात का, हे अधूनमधून पाहावे आणि ती पिन सुरक्षा साखळीला न अडकवता गाडीलाच अडकवावी. दिव्यांच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा अर्थिंगच्या तारेत असते, कारण तिचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो. रंग खरवडून लखलखीत लोखंडावर तो लावला की दिवे लुकलुकणे थांबते.

जादा चाक ट्रेलरसोबत येत नाही असे दिसले तर खरेदीच्या वेळीच वेगळे मागून घ्यावे, आणि ते बसवण्याची जागा दांड्यावर निवडावी, कारण बाजूवर टांगलेले चाक बाजू काढताना आड येते.